बाबांच्या फाईलबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, डॉक्टर 'पीटीएसडी (लढाईसारख्या भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) नाही' म्हणाले आणि तुम्ही फाईल कपाटात टाकून मोकळे झालात. त्या निदानाला लक्षणांचे चारही गट भरावे लागतात: नको त्या आठवणी-स्वप्नांचं 1 लक्षण, आठवण देणाऱ्या गोष्टींच्या टाळाटाळीचं 1, मन-विचार काळवंडल्याची 2, सतत सावध असल्याची 2, तीही महिन्याहून जास्त. तुमची टाळाटाळ भरत नाही, पलटणीच्या मेळाव्याला तुम्हीच पहिले हजर! बाकीचे तिन्ही गट भरतात. याला अर्धवट पीटीएसडी म्हणतात. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या 2016 च्या एका अभ्यासात आयुष्यात कधीतरी पूर्ण पीटीएसडी झालेले 8 टक्के निघाले, अर्धवटवाले 22 टक्के. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार त्यांच्यातही जास्तच.

कॅन्टीनची रम झोपेसाठी नको. डोळा लवकर लागतो, पण अंमल उतरला की पहाटे झोप मोडते आणि स्वप्नं तेव्हाच जोर करतात. अल्प्राझोलमसोबत (घबराटीवरची गोळी) तर अजिबात नको, श्वास मंदावतो. मात्र रोजची गोळी किंवा रोजचा पेग मनाने एकदम तोडू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

आई, बाबा झोपेत ओरडले तर हलवून उठवू नकोस. अर्धवट जागेपणी हात उगारला जातो, तो तुझ्यावर नसतो. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभी राहा, दिवा लाव आणि 'अहो, कोल्हापुरात आहात, घरी आहात' असं म्हणत राहा. विसर्जनाला सुतळी बॉम्ब वाजतात म्हणून त्यांना दिवसभर कोंडूनही ठेवू नकोस. टाळत गेलं की भीती वाढते. महाद्वार रोडला थोडा वेळ, कडेला उभं राहून या.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराचं रेफरल घ्या. नुसतं 'झोप नाही' म्हणालात तर झोपेची गोळीच हातात पडेल. चिठ्ठीवर लिहून न्या: आठवड्यात किती रात्री जाग, किती वाजता, किती पेग, बीपीची कुठली गोळी. स्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं तर बीपी आणखी उतरतं, उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला 4 ते 6 आठवडे जातात, दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडू नका. पीसीएल-5 ही पीटीएसडीच्या लक्षणांची प्रश्नावली भरून मागा: 20 प्रश्न, 80 पैकी गुण. पीटीएसडीची शक्यता धरतात त्या साधारण 31-33 च्या खाली आलात तरी कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी आकडा उतरला का, ते त्यावरूनच कळेल.

मध्यरात्री फार झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात.

रेफरलची तारीख आई, तूच कळव. बाबा कळवायचे नाहीत.

तुमची,
सुनी