गाडीतल्या यंत्राची माहिती गाडीमालकालाही मिळू द्या : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : व्यावसायिक वाहनांत सक्तीने बसवलेल्या जीपीएस यंत्राची माहिती वाहनमालकाच्या पसंतीच्या सॉफ्टवेअरलाही मिळण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

नागपुरात रस्ते किंवा वाहने यांविषयी काही मागायचे झाले की पत्र थेट दिल्लीला धाडण्याची रीत पडली आहे, कारण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री याच शहरातून लोकसभेवर निवडून गेले आहेत. हे पत्र मात्र जाणूनबुजून आपल्याला लिहीत आहे. ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे त्याचे मानक केंद्राने ठरवले असले, तरी त्याच्या उत्पादकांची राज्यात नोंदणी कोणत्या अटींवर करायची आणि त्या यंत्रांकडून येणारी माहिती कोठे व कशी घ्यायची, हे राज्याच्या परिवहन विभागाच्या अखत्यारीत येते. माझी मागणी त्या अटींपुरतीच आहे. माझा यात व्यावसायिक संबंध आहे, हेही आधीच सांगून टाकतो. अमरावती रोडवरील वाडी आणि भंडारा रोडवरील कापसी येथल्या लहान ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी मी गाड्यांच्या देखरेखीचे सॉफ्टवेअर तयार करतो. म्हणून माझे म्हणणे पारखून घ्यावे, पण ते केवळ माझ्या धंद्याचे गाऱ्हाणे समजू नये.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या निर्भया घटनेनंतर प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण असावे, हा विचार पुढे आला. केंद्रीय मोटर वाहन नियमांत १२५-एच हा नियम आला आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंद होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना तो लागू झाला. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना त्यातून सूट आहे. पुढे धोकादायक माल वाहणारी मोठी वाहनेही या कक्षेत आली. यंत्र कसे असावे, हे एआयएस-१४० या मानकात लिहिले आहे. आरटीओच्या कागदावर त्याला व्हीएलटीडी म्हणतात, वाडीत नुसते जीपीएस. नियमाचा हेतू चांगला आहे, मानकही विचारपूर्वक केलेले आहे, आणि माझी तक्रार त्या दोहोंविषयी नाही.

हे यंत्र नेमके काय पाठवते, ते थोडे जवळून पाहावे, अशी विनंती आहे. स्वल्पविरामांनी तोडलेली एक लांब ओळ ठरावीक अंतराने मोबाइल नेटवर्कवरून सर्व्हरकडे जाते. त्या ओळीत यंत्राचा आयएमईआय क्रमांक, गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा आणि किती उपग्रह दिसत होते याची संख्या असते. इंजिन चालू होते की बंद, गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज किती, यंत्राच्या आतल्या बॅटरीचा किती, कोणी यंत्र उघडण्याचा प्रयत्न केला का आणि आपत्कालीन बटण दाबले गेले का, हेही तिच्यात लिहिलेले असते. नेटवर्क नसेल तर यंत्र या ओळी साठवून ठेवते आणि नेटवर्क मिळताच पाठवून देते. ताजी ओळ आणि साठवलेली ओळ वेगळी ओळखता यावी म्हणून तिच्यावर अनुक्रमे एल किंवा एच हे अक्षर असते. पेंचच्या जंगलपट्ट्यातून खवाशाकडे गेलेली किंवा गडचिरोलीच्या आतल्या रस्त्याला लागलेली गाडी मधला काही काळ पडद्यावरून नाहीशी होते आणि मग तिच्या मागच्या ओळी एकदम येऊन पडतात, त्या याच सोयीमुळे. हे सगळे उत्तम आहे. प्रश्न एवढाच आहे, की ज्याने यंत्राचे पैसे भरले, दरवर्षी त्याच्या सिमचे आणि सेवेचे पैसे जो भरतो, त्या गाडीमालकाला ही ओळ मिळत नाही.

त्याला मिळते ते विक्रेत्याचे ॲप. त्यात नकाशावर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका दिसतो, काल गाडी किती किलोमीटर चालली ते कळते आणि फार तर महिन्याचा अहवाल उतरवून घेता येतो. मूळ ओळ आपल्या सर्व्हरवर हवी म्हटले, तर काही विक्रेते सरळ नकार देतात, काही जण दर गाडीमागे वेगळे शुल्क सांगतात, आणि काहींकडे तीन-तीन महिने ई-मेल पाठवूनही उत्तर येत नाही. माहिती कोणत्या सर्व्हरकडे जावी, तो यंत्रातला पत्ता मालकाला स्वतः बदलता येत नाही, कारण त्याचा पासवर्ड विक्रेत्याकडे असतो आणि आतल्या मशीन-सिमवरून माहिती फक्त आधी मंजूर केलेल्या पत्त्यांवरच जाऊ शकते. विक्रेता बदलायचा तर यंत्रही बदलावे लागते. विक्रेत्याने दुकान बंद केले तर चालू स्थितीतले यंत्र निकामी ठरते आणि पासिंगच्या वेळी नवे घ्यावे लागते. नियामकाच्या आणि आपत्कालीन यंत्रणेच्या पत्त्यांखेरीज कामकाजासाठी वेगळे पत्ते असू शकतात, हे मानकाने गृहीत धरलेले आहे. त्यामुळे ही अडवणूक तांत्रिक नाही, व्यापारी आहे.

आपण विचाराल की विक्रेत्याच्या ॲपने भागत का नाही, प्रत्येकाला वेगळे सॉफ्टवेअर कशाला हवे? त्याचे उत्तर या भागातल्या वाहतुकीतच आहे.

कोळशाची खेप घ्या. उमरेड, सावनेर किंवा वणीकडच्या खाणीवर हायवा, म्हणजे मोठा टिप्पर, रांगेत लागतो. रांग पुढे सरकली की ड्रायव्हर इंजिन चालू करतो, पन्नास मीटर जातो आणि बंद करतो. तयार ॲप यातल्या प्रत्येक हालचालीला एक ट्रिप मोजते, आणि संध्याकाळी मालकाला दिसते की एका गाडीने वीस ट्रिपा मारल्या. मालकाला हवे असते ते वेगळेच. गाडी रांगेत किती वेळ होती, भरायला किती वेळ लागला, वजनाच्या धर्मकाट्यावर किती थांबली आणि कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रावर रिकामी व्हायला किती वेळ गेला, याचा त्याला हिशेब हवा असतो. भाडे टनावर ठरते आणि नुकसान थांबण्यात होते, म्हणून त्याच्या दृष्टीने थांबणे हीच मोजायची गोष्ट आहे. संत्र्याच्या गाडीचे गणित याच्या उलट असते. आंबिया बहाराच्या तोडीत काटोल-नरखेड-वरुड भागात एकच गाडी तीन-चार बागांतून माल गोळा करत फिरते, आणि शेताच्या धुऱ्यावर दोन-दोन तास उभी राहते. तेथे थांबणे हेच तिचे काम असते. ॲप मात्र तिच्या नावावर प्रत्येक बागेला 'अनधिकृत थांबा' असा इशारा टाकत राहते. आठवडाभरात मालक त्या इशाऱ्यांकडे बघणे सोडतो आणि मग एखाद्या रात्री खरोखर नको तेथे गाडी थांबते, तेव्हाही कोणी बघत नाही.

माल नेताना सोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलाचेही तसेच आहे. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, आणि ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवून घेता येते. गाडी कोठे आहे, मुक्काम किती दूर आहे आणि बिल कधी संपते, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर रात्री अकरा वाजताच मुनीमजींना सांगता येते, की ही गाडी वेळेत पोहोचत नाही, मुदत वाढवा. पण त्यासाठी यंत्राची ओळ आणि बिल्टीची, म्हणजे मालाच्या पावतीची, नोंद एका सॉफ्टवेअरमध्ये यावी लागते. बिल्टी मालकाच्या संगणकात आहे आणि ओळ विक्रेत्याच्या, म्हणून हे साधे काम होत नाही.

डिझेलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गाडीमालक सॉफ्टवेअरचा विचार करतो तो बहुतेक वेळा डिझेलपायीच. टाकीतला सेन्सर लिटर सांगत नाही. तो पातळीचा एक आकडा देतो, आणि त्या आकड्यावरून लिटर काढायला त्या विशिष्ट टाकीचे कोष्टक लागते. ते कोष्टक रिकाम्या टाकीत ठरावीक लिटर डिझेल टाकत, प्रत्येक टप्प्याला आकडा टिपूनच करावे लागते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीची टाकी नंतर बदललेली किंवा ठोकर लागून चेपलेली असली, तर दोघींना एक कोष्टक चालत नाही. चढावर डिझेल टाकीच्या एका बाजूला जाते आणि आकडा एकदम पडतो. सर्वांना एकच मोजपट्टी लावणारे तयार ॲप तेथे 'डिझेल चोरी' असा इशारा देते आणि बिचाऱ्या ड्रायव्हरला फोनवर बोलणी खावी लागतात. त्याच वेळचा वेग आणि इंजिनची स्थिती जोडून पाहिली तर खरे काय ते बऱ्याच वेळा कळते. गाडी उभी, इंजिन बंद आणि पातळी सावकाश पण सलग उतरते आहे, असे दिसले तर ती गोष्ट वेगळी. भारत स्टेज सहाच्या गाड्यांत इंजिनचा संगणक इंधनाचा वापर, युरिया द्रावणाची पातळी आणि बिघाडाचे संकेतही देतो. या सर्वांचा मेळ घालणे हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे काम आहे, आणि नागपुरात ते करणारी मुले परसोडीच्या आयटी पार्कपासून घराघरांतल्या एका खोलीच्या कार्यालयांपर्यंत आहेत. त्यांच्या हाती मूळ ओळच पडत नाही.

मग मालक काय करतो? दुसरे यंत्र बसवतो. वाळू-मुरुमासारखे गौण खनिज वाहणाऱ्या वाहनांना शासनाच्या महाखनिज प्रणालीशी जोडलेले जीपीएस लागते, कर्ज देणारी वित्तसंस्था कधी स्वतःचे यंत्र बसवते, माल देणारी कंपनी आणखी एक. अशा एका टिप्परचा डॅशबोर्ड माझ्यासमोर इलेक्ट्रिशियनने उघडला, तेव्हा आत चार काळ्या डब्या निघाल्या. चौघींनी एकाच फ्यूजवरून वीज घेतली होती, एकीचा अँटेना दुसरीच्या खाली दाबला गेला होता, आणि गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी का उतरते, याचे कोडे मालकाला त्या दिवशी सुटले. चारही यंत्रे एकाच गाडीचा एकच ठावठिकाणा चार ठिकाणी कळवत होती आणि चार सिमांचे पैसे एकाच खिशातून जात होते.

मागणी मान्य केली तर खर्च वाढेल, असे विक्रेते सांगतील. तो हिशेब मांडून पाहावा. एक ओळ साधारण अडीचशे अक्षरांची धरली आणि गाडी दिवसाला दहा तास चालून दर पाच सेकंदांनी एक ओळ पाठवत असली, तर ७,२०० ओळी होतात, म्हणजे सुमारे १.८ एमबी माहिती. नेटवर्कचा वरखर्च धरून ती दुप्पट केली, तरी सकाळी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांहून ती फारशी जास्त नाही. सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याचा विचार व्हायलाच हवा. परंतु मालकाला द्यायची ती प्रत आहे. शासनाच्या सर्व्हरकडे जाणारी मूळ ओळ तशीच, त्याच मार्गाने जात राहील, तिच्यात मालकाला काहीही बदलता येणार नाही, आणि आपत्कालीन बटणाचा संदेश तर या व्यवस्थेच्या पूर्ण बाहेर ठेवता येईल.

ड्रायव्हरविषयीही बोलणे आवश्यक आहे, कारण मालकाच्या हाती माहिती देताना ज्याच्याविषयी ती आहे तो माणूस विसरला जाऊ नये. मोटर वाहन कायद्याच्या कलम ९१ ने ड्रायव्हरच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली आहे. प्रत्यक्षात ती कोण मोजतो? नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, आणि त्या सरळ, एकसुरी रस्त्यावर सलग किती तास गाडी हाकली, हे यंत्राच्या ओळींतून मिनिटामिनिटाने काढता येते. तीच नोंद ड्रायव्हरला त्याच्या मोबाइलवर दिसली पाहिजे. नाही तर तिचा उपयोग फक्त भत्ता कापण्यासाठी होईल, आणि असे होताना मी पाहिलेले आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा असताना ड्रायव्हरच्या ठावठिकाण्याची माहिती कोणत्या कामासाठी, किती दिवस ठेवायची, हे अटींत स्पष्ट लिहिण्यास हीच योग्य वेळ आहे.

यासाठी नवा कायदा करावा लागेल असे मला वाटत नाही. उत्पादकांच्या नोंदणीच्या अटींत एवढे घालावे, की वाहनमालकाने लेखी अर्ज केल्यावर ठरावीक दिवसांत त्याने दिलेल्या पत्त्यावर, मानकातील स्वरूपातच, माहितीची प्रत सुरू केली जाईल आणि त्यासाठी सिमच्या प्रत्यक्ष खर्चाहून अधिक काही घेतले जाणार नाही. विक्रेता बदलताना किंवा त्याचा व्यवसाय बंद होताना यंत्राचे पासवर्ड आणि सिमचा ताबा मालकाला अथवा नव्या विक्रेत्याला द्यावा लागेल, ही अटही सोबत असावी. गौण खनिजांचे काम महसूल विभागाकडे आहे. त्या विभागाशी बोलून एआयएस-१४० चे एकच यंत्र दोन्हीकडे ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला, तर टिप्परमालकांचा एक खर्च त्या दिवशीच कमी होईल. एसटीच्या आणि महापालिकांच्या बस किंवा कचरागाड्यांच्या निविदांतही यंत्राची मूळ माहिती सार्वजनिक संस्थेच्या मालकीची राहील आणि कंत्राट संपताना ती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हे कलम हवे. ते नसेल तर पुढच्या कंत्राटदाराला प्रत्येक मार्गाचा अभ्यास पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

हिवाळी अधिवेशनासाठी आपले नागपूरला येणे होईलच. त्या दिवसांत परिवहन आयुक्तालयाचे अधिकारी, यंत्रांचे विक्रेते, वाडी-कापसीचे काही गाडीमालक आणि दोन-चार ड्रायव्हर यांची एक बैठक आपण रविभवनात घेतलीत, तर विक्रेत्यांची बाजूही आपल्याला प्रत्यक्ष ऐकता येईल. एक चालू यंत्र आणि त्यातून येणारी ओळ दाखवण्याची व्यवस्था मी स्वखर्चाने करीन. बैठकीची तारीख कळावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
वाहन-व्यवस्थापन सॉफ्टवेअरचा एक व्यावसायिक,
नागपूर