ओमाचा वेकमान आणि तासगावचे बेदाणे

कोलोन, जर्मनी
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

ती. स्व. आजीस,
सोनूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

('तीर्थरूप' फक्त आईबाबांना, बाकी थोरांना 'तीर्थस्वरूप'. विसरलेली नाही, बघ.)

आईच्या अक्षरातलं तुझं पत्र मिळालं. शब्द तुझेच आहेत हे पहिल्या ओळीतच कळलं, कारण 'जिवंत आहेस का' असं आई लिहिणार नाही. आहे. वजन तीन किलोनं वाढलंय. मुद्दाम जाड पेनानं, एकेक ओळ सोडून लिहितेय, म्हणजे डोळ्यातले थेंब संपेपर्यंत भिंग घेऊन बसायला नको. बाबा वाचून दाखवणार असतील तर त्यांना मधलं काही गाळू देऊ नकोस. एकूण नऊ पानं आहेत, मोजून घे.

आधी आत्याचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. 'शिकायला गेली आणि म्हातारीची धुणीभांडी करतेय' असं ती म्हणाली, हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. धुणं मशीन धुतं, भांडीही मशीनच धुतं. इथे विद्यार्थ्यांसाठी एक योजनाच आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या घरात खोली मिळते, भाडं नाही. त्याऐवजी खोली जेवढे चौरस मीटर, तेवढे तास महिन्याला मदत करायची. माझी खोली 16 चौरस मीटर, म्हणून महिन्याला 16 तास, आठवड्याला चार. वीज-पाण्याचे पैसे मी देते. आजारपणाची शुश्रूषा करायची नाही, असा नियमच आहे. सामान आणणं, तळघरातून बटाटे वर आणणं, माळ्यावरचे डबे काढणं, पेपर वाचून दाखवणं, एवढंच काम. या शहरात साधी खोली पाचशे युरोंच्या खाली सहसा मिळत नाही. आत्याला पाचशे गुणिले शंभर करायला सांग.

आणि ती म्हातारी म्हणजे ओमा. ओमा म्हणजे आजीच. तिचं आडनाव लिहीत नाही, तुला उच्चारता यायचं नाही आणि मग तू तिला काहीतरी भलतंच म्हणशील. वय 87, म्हणजे तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ऐकू तुझ्यापेक्षा चांगलं येतं, दिसतं तुझ्यापेक्षा कमी. हट्टीपणात दोघी सारख्या.

थंडीचं म्हणशील तर बाहेर तीन अंश आहे, घरात वीस. बाबांना वाटतं मी कुडकुडत बसते. बसते, पण दिवसातून दोनदाच आणि तेही शास्त्रोक्त. इथे सकाळ-संध्याकाळ घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. आधी हीटर बंद करायचे, मग खिडक्या, मग समोरासमोरची दारं. पाच ते दहा मिनिटं बर्फासारखा वारा या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊ द्यायचा, मग सगळं बंद करून हीटर पुन्हा चालू. याला 'ल्युफ्टन' म्हणतात. आपण घर झाडतो तशी ही माणसं हवा झाडतात. भाडेकराराच्या कागदात हे लिहिलेलं असतं, चेष्टा नाही. कारण असं की इथली घरं हवाबंद. अंघोळीची, स्वयंपाकाची, श्वासाची वाफ आतच राहते, गार भिंतीवर बसते आणि मग कपाटामागे काळी बुरशी धरते. पहिल्या महिन्यात मी खिडकी नुसती वरून तिरकी करून ठेवायचे. इथल्या खिडक्या तशाही उघडतात. ओमानं मला समोर बसवून सांगितलं की तिरक्या खिडकीनं हवा बदलत नाही, फक्त भिंत गार होते. हॉलमध्ये आर्द्रतेचं घड्याळ आहे, काटा साठाच्या वर गेला की ती माझ्याकडे बघते. मी फोडणी दिली की हमखास जातो. आणि गंमत म्हणजे हीच बाई ट्राममध्ये कुणी बोटभर खिडकी उघडली की मानेला वारं लागेल म्हणून मफलर आवळते. दहा मिनिटांचं वादळ चालतं, झुळूक चालत नाही. मला अजून उलगडलेलं नाही. तुला उलगडलं तर कळव.

आता खरी बातमी. तू दादाच्या मित्राबरोबर पाठवलेले तासगावचे बेदाणे सत्कारणी लागले. निम्मे मी खाल्ले, उरलेल्यांचे डोळे झाले.

परवाच्या मंगळवारी, 11 नोव्हेंबरला, इथे सेंट मार्टिनचा दिवस झाला. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं आपला झगा तलवारीनं अर्धा कापून दिला, अशी गोष्ट. पोरं कागदी कंदील घेऊन गल्लीगल्लीतून गाणी म्हणत फिरतात आणि दारोदार खाऊ गोळा करतात. अगदी आपला हादगा, फक्त खिरापत ओळखायची नाही, कारण बहुतेक ठिकाणी चॉकलेटच असतं. ओमा मात्र दरवर्षी वेकमान करते. वेकमान म्हणजे गोडसर पावाच्या कणकेचा माणूस. वीतभर उंच, हातपाय आखूड, डोळ्यांना बेदाणे आणि छातीशी पांढऱ्या मातीची चिलीम, खरी, भाजलेली. संताच्या दिवशी चिलीम कशाला, असं मी विचारलं. ओमा म्हणाली की ती मुळात बिशपची काठी म्हणे, उलटी धरली की चिलीम. पोरं ती जपून ठेवतात आणि पुढे तिच्यातून साबणाचे फुगे काढतात.

मैदा अर्धा किलो. इथल्या मैद्याच्या पाकिटावर 405, 550 असे आकडे असतात. पीठ जाळलं तर मागे किती राख उरते त्यावरून ते ठरतात. आकडा जेवढा मोठा तेवढा कोंडा जास्त. मला हे फार आवडलं. तूही गिरणीत पीठ चिमटीत घेऊन 'जाड दळलंय' म्हणतेस, फक्त आकडा सांगत नाहीस. यीस्टची 42 ग्रॅमची वडी मिळते, ओल्या मातीसारखी. ती कोमट दुधात साखर घालून कुस्करायची. अंडं घालतात, हे तू वाचलं नाहीस असं समजते. मग मळणं. ओमाच्या बोटांच्या पेरांना आता गाठी आल्यात, त्यामुळे मळते मी, सांगते ती. तिची तऱ्हा अशी की कणीक झाली का हे बघायला ती डोळे मिटून स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरते, मग कणीक धरते. दोन्ही सारखं लागलं की झालं. तासभर टॉवेलखाली ठेवून दुप्पट फुगली की कापायची. चेहरा मात्र ती मला करू देत नाही. बेदाणा अंगठ्यानं आत, चांगला खोल दाबते. वरवर ठेवला तर भट्टीत कणीक फुगून त्याला बाहेर ढकलते आणि माणूस आंधळा होतो. आपले बेदाणे लांबट, हिरवट. एकेक हातात फिरवून म्हणाली, 'या माणसांचे डोळे तुझ्या गावचे.'

मग मी तिला तुझ्या गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनचं सांगितलं. काचेच्या झाकणाचा, खालच्या भांड्यात वाळू. आणि दिवाळीआधी रवा-मैदा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायचं आणि संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची, तेही. मी रांगेत उभी आणि तू भट्टीवाल्याला 'आमचं तूप आमच्याच घाण्यात घाल' असं दम देऊन सांगतेयस. हे जर्मनमध्ये सांगायला मला पाऊण तास लागला. तिला सगळं कळलं. लहानपणी तीही आईबरोबर केकचा ट्रे घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायची.

तिच्या बाकीच्या चैनी सांगते, तुला हेवा वाटेल. रविवारी साडेतीनला कॉफी आणि केक, चांगल्या कपबशीत, एकटी असली तरी. रोज एक खुनाची कादंबरी, भिंगातून. कोपऱ्यावर रस्त्यातच पुस्तकांचं काचेचं कपाट आहे, कुलूप नाही, कुणीही पुस्तक ठेवावं, कुणीही न्यावं. तिथं तिनं वाचून ठेवलेल्या कादंबरीच्या पहिल्या पानावर ती पेन्सिलीनं बारीक फुली मारते. खुनी ओळखला असेल तर एक, नसेल तर दोन. म्हणजे तीच पुन्हा घरी यायला नको. तुझं लायब्ररीतल्या पुस्तकाच्या सतराव्या पानावर टिंब असायचं ना? मी तिला सांगितलं. 'तुझी आजी शहाणी आहे, मी पहिल्या पानावर करते म्हणून पकडली जाते,' म्हणाली.

पुस्तकांवरून पुराचं निघालं. 2019 साली कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेलं, आपल्या नगर वाचनालयातली पुस्तकं भिजली, आणि तू घरची पुस्तकं गच्चीवर उभी करून पानापानांत टाल्कम पावडर टाकत होतीस. ओमा गप्प ऐकत होती. मग उठून तिनं एक ब्रश आणला, रंगाऱ्याचा असतो तसा, मऊ. 3 मार्च 2009 ला या शहराचं ऐतिहासिक दफ्तरखाना असलेलं अख्खं घर कोसळलं. शेजारी भुयारी रेल्वेचं काम चालू होतं. शेजारच्या घरातले दोन तरुण गेले. हजार वर्षांपासूनची कागदपत्रं ढिगाऱ्यात आणि खालच्या पाण्यात. बहुतेक सगळी नंतर काढली, पण चिखल झालेली. शेकडो लोक मदतीला गेले, त्यात ओमा. सत्तरी ओलांडलेली, तोंडाला फडकं बांधून दिवसभर एकेका कागदावरची धूळ ब्रशनं झाडत बसायची. ओले कागद मात्र लगेच वाळवायचे नाहीत, आधी गोठवायचे. बुरशी थांबते, आणि मग यंत्रात त्या बर्फाची पाणी न होता सरळ वाफ करतात. म्हणजे तुझी पावडर चुकीची नव्हती, पण मोठा फ्रीझर असता तर घाई करावी लागली नसती. पुन्हा वेळ न येवो.

चोरीची गोष्टही तिनंच सांगितली, नाहीतर मी विचारलं नसतं. 1946-47 चा हिवाळा, युद्ध संपलेलं, शहर पडलेलं, घरात कोळसा नाही. 1946 च्या अखेरच्या रात्री इथल्या कार्डिनल फ्रिंग्स यांनी प्रवचनात सांगितलं की जीव जगवायला लागेल तेवढं, कामानं किंवा मागून मिळत नसेल तर, माणसानं घेतलं तरी चालेल. लोकांनी मग कोळशाच्या गाड्यांवरून कोळसा उचलण्याला त्यांचंच नाव दिलं, 'फ्रिंग्झन'. ओमा आठ वर्षांची. मोठा भाऊ वाघिणीवर चढून खाली टाकायचा, ही फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायची. अजूनही दुकानात कुणी द्राक्ष तोंडात टाकलं की ती डोळा मिचकावून म्हणते, 'फ्रिंग्झन.'

रोज संध्याकाळी अर्धा तास मी तिला पेपर वाचून दाखवते. चार तासांत तेही धरलेलं आहे. दिवाळी अंक आले असतील ना घरी? तुला कोण वाचून दाखवतं? सप्टेंबरात तुझ्या डोळ्याचं झालं ते मला चौथ्या दिवशी सांगितलंत, तेही 'काळजी करशील' म्हणून. मी चिडलेली नाही. तेव्हा मी ओमाबरोबर आलुबुखारांचा केक करत होते, बिया काढत, खूप हसत होतो आम्ही. तेवढं आठवतं.

जेवणाचं विचारू नकोस, कुकर आहे, डाळ मिळते, शाकाहार मोडलेला नाही (अंडं सोडून).

आता पैशाचं, बाबा असतील तर नीट वाचा. इथे येताना वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो खात्यात अडकवून दाखवावे लागले, आणि त्यासाठी आजीच्या पाटल्या बँकेत तारण गेल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. दादा बोलून गेला. गेल्या महिन्यापासून मला आठवड्याला 20 तासांचं काम मिळालंय, माझ्याच विषयातलं. बाबांच्या खात्यात 90 हजार टाकलेत. ते कर्जाच्या हप्त्यात वळवायचे नाहीत, आधी पाटल्या सोडवायच्या. पावतीचा फोटो पाठवा.

हे पैसे तिकिटाचे होते. म्हणजे दादाच्या लग्नाला मी येत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे वर्ग चालू असतात आणि कामावर रजाही नाही, पण खरं कारण वर लिहिलंय ते. आजी, तू म्हणशील पाटल्या काय कधीही सोडवता आल्या असत्या. ठाऊक आहे. तरी असंच केलंय. दादाशी बोलले, तो 'बरं' म्हणाला आणि लगेच फोन ठेवला. वहिनीला माझ्याकडून साडी तूच निवड, हिरवी नको, सगळे हिरवीच देतात.

पुण्याच्या स्थळाचं. फोटो पाहिला. चेहरा बरा आहे, पण पत्रिका जुळते हे फोटोत दिसत नाही. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत माझं शिक्षण आहे. त्यांना तोवर थांबवून ठेवू नका. नाहीही म्हणू नका, आईला वाईट वाटेल. आणि नाही, इथे कुणी नाही. असतं तर तुला आधी सांगितलं असतं.

ओमाला नाताळआधी नानकटाई करायचीय. तूप थिजलेलं फेसायचं की पातळ? वेलदोडे किती? अंदाजानं म्हणू नकोस, ती वजन विचारते.

सहा वाजले, आर्द्रतेचं घड्याळ बासष्टवर आहे. खिडक्या उघडते.

तुझी,
सोनू

ता. क. लग्नातलं काही पोस्टानं पाठवू नका. दुधातुपाचं इथल्या कस्टममध्ये अडतं आणि फेकून देतात. बेदाणे चालतात. माझ्या वाटणीचा लाडू आत्याला द्या. रागावलेली नाही म्हणावं.