बेचाळिसावा नंबर

फॉल्सम, कॅलिफोर्निया
२१ जून २०२५

प्रिय पंक्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुझ्या मनासारखी ड्राफ्टची रात्र कशी असते बे?" तेवढ्यात तुझ्या दारात दूधवाला आला आणि तू फोन ठेवलास. ड्राफ्ट म्हणजे काय, तर एनबीएच्या बास्केटबॉल संघांनी आपापल्या नंबराने नवी पोरं निवडायची. पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. दोन दिवस ऑफिसला येता-जाता तोच डोक्यात घोळतोय. फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसलो.

आजची तारीख बघ. बरोबर सात वर्षांपूर्वी, २१ जून २०१८ ला, आपल्या सॅक्रामेंटो किंग्जकडे दुसरा नंबर होता. नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत सातव्या जागेवरून उडी मारून मिळालेला. आणि समोर लुका डोन्चिच! एकोणीस वर्षांचं पोरगं, महिनाभरापूर्वीच रेआल माद्रिदकडून युरोलीग जिंकून आलेलं. आपण घेतलं कोणाला, तर मार्विन बॅगलीला. तेव्हा संघाचा कारभार व्लादे दिवाचकडे होता. माणूस सर्बियाचा, म्हणजे स्लोव्हेनियाचा पोरगा त्याच्या अंगणातलाच म्हणायचा. तरी नाही घेतला. तू पहाटे उठून बघत होतास. तुझा एका शब्दाचा मेसेज आला, "संपलं." मी तो अजून पुसलेला नाही.

तर तुला वाटेल, याची आदर्श रात्र म्हणजे तीच रात्र पुन्हा, फक्त लुकासकट. खरं सांगतो, कितीतरी वर्षं तसंच होतं. झोप लागली नाही की मी हातून निसटलेल्या खेळाडूंची यादी काढायचो. २००९ ला आपण चौथ्या नंबरवर टायरिक एव्हान्स घेतला, सातव्यावर स्टीफन करी गेला. २०१२ ला पाचव्यावर थॉमस रॉबिन्सन, लगेच सहाव्यावर लिलार्ड. २०१५ ला सहाव्यावर कॉली-स्टाइन, आणि बुकर तेराव्यापर्यंत तसाच बसून. पण या यादीत एक खोट आहे. त्या एव्हान्सला पहिल्याच वर्षी 'रूकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याचं बक्षीस, मिळालं होतं. तेव्हा सगळं सॅक्रामेंटो खूश होतं. करी पुढे करी होणार हे ज्याला त्याला आज ठाऊक आहे. ही असली हुशारी पानठेल्यावर ढिगाने मिळते.

मग पहिला नंबर मिळावा, असं स्वप्न? ते यंदा डॅलसने पाहून घेतलं. फेब्रुवारीत त्यांनी लुकाला लेकर्सकडे धाडला. एप्रिलमध्ये प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफच्या बाद फेरीत शिरण्याच्या सामन्याला, इथे येऊन आपल्याला १२०-१०६ असं हरवलं. मी गेलो होतो त्या दिवशी. इथले लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला येतात, तुला सांगितलंय ना? कधीकाळी एका मोठ्या कोचने सॅक्रामेंटोला गायींचं गाव म्हणून हिणवलं, तेव्हा लोकांनी घंटाच उचलल्या. आवाज असा की पोळ्याची आठवण यावी. त्या रात्री हाफटाइमलाच घंटा मांडीवर गेल्या होत्या. आणि मे महिन्यात त्याच डॅलसला लॉटरी लागली. चौदा चेंडूंमधून चार काढतात, त्याची १००१ कॉम्बिनेशन्स होतात. डॅलसची शक्यता होती १.८ टक्के! यंदाचा सगळ्यात नावाजलेला पोरगा, कूपर फ्लॅग, आता त्यांचा. चिडलो मी, नाही कशाला म्हणू. पण त्यात कौतुक कोणाचं करायचं, चेंडूंचं? असं नशीब २०१८ ला आपल्यालाही लागलं होतं. काय केलं त्याचं?

माझ्या मनासारखी रात्र एकदा होऊन गेली आहे, पंक्या. १८ नोव्हेंबर २०२०. कोविडमुळे ना गर्दी, ना सूटबूट घालून हस्तांदोलन. आपला नंबर बारावा. आणि टायरीस हॅलिबर्टन घसरत घसरत बाराव्यापर्यंत आला. मी श्वास रोखून बसलो, की आता आपले लोक काहीतरी डोकं चालवणार. कोणाशी ट्रेड करणार, खाली सरकणार, नाहीतर कोणी न ऐकलेला उंच माणूस घेणार. त्यांनी काहीही केलं नाही. समोर आलेला चांगला पोरगा घेतला आणि गप्प बसले. बस, एवढंच! तू फोनवर ओरडलास, "अबे, हे तर सरळ खेळून राहिले!"

पुढे सव्वा वर्षात त्याला इंडियानाला देऊन टाकलं, तो भाग वेगळा. त्या बदल्यात साबोनिस आला आणि २०२३ ला सोळा सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपला, म्हणून मला धड शिव्याही घालता येत नाहीत. उद्या तोच हॅलिबर्टन दुखऱ्या पोटरीने फायनलचा सातवा सामना खेळणार आहे. मी त्याची जुनी किंग्जची शून्य नंबरची जर्सी घालून बसणार. बायको म्हणते, "घटस्फोट झाल्यावर लग्नाचा अल्बम काय बघतोस?"

आता यंदाचं. पहिल्या राउंडमध्ये आपल्याला जागाच नाही. ह्यूर्टर या खेळाडूला आणताना जो पिक, म्हणजे निवडीचा नंबर, कबूल केला होता, तो तेरावा होऊन अटलांटाला गेला. उरला दुसऱ्या राउंडचा बेचाळिसावा, म्हणजे २६ तारखेची संध्याकाळ. ऑफिसातले हसतात. हसू देत. २०१४ ला, पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या योकिचचं नाव एक्केचाळिसाव्यावर पुकारलं, तेव्हा टीव्हीवर खाण्याची जाहिरात सुरू होती. आयझेया थॉमस आपल्यालाच साठाव्यावर, अगदी शेवटी मिळाला होता, आणि आपणच त्याला जाऊ दिलं. आणि पंजाबचा सतनामसिंग? बावन्नावा, २०१५. तू पेपरातलं कात्रण हॉस्टेलच्या कपाटावर चिकटवलं होतंस, किंग्जचे मालक रणदिवे यांच्या फोटोशेजारी. मालकाचं आडनाव मराठी म्हणून आपण हा संघ धरला, हे मी इथे कोणाला सांगत नाही. तूही नको सांगू. २०१९ मध्ये किंग्ज वरळीला खेळायला आले, तेव्हा विदर्भ एक्सप्रेसने जाऊन त्यांना हरताना बघून आलास, तेही नको.

तर २६ ची संध्याकाळ माझ्या मनासारखी अशी. चार वाजता मी घरी. तर्री पोहे, तर्री मी करणार, कारण इथे कोणाला जमत नाही. सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये, कारण बातमीदार टीव्हीच्या आधीच नाव फोडतात. दुसऱ्या राउंडला एका पिकसाठी चार मिनिटं असतात. लेकीच्या हातात स्टॉपवॉच. साबोनिस बाकावर बसला की आपल्याला आणखी एक उंच माणूस लागतो, म्हणून मला हवाय स्टॅनफर्डचा मॅक्सिम रेनो. पॅरिसचा, सात फूट एक इंच, चार वर्षं नीट कॉलेज केलेला. हिवाळ्यात पालो आल्टोला जाऊन बघून आलोय. मॅचच्या आधी एका कोपऱ्यातून तीन पॉइंटचे शॉट मारत होता, एक हुकला की पुन्हा त्याच जागी. घाई नाही, वैताग नाही. जाणकार म्हणतात बेचाळीसपर्यंत उरणार नाही. पण हॅलिबर्टनही बारापर्यंत उरणार नव्हता.

उरलाच तर आपल्या लोकांनी फक्त त्याचं नाव लिहून द्यावं. लीगचा डेप्युटी कमिशनर टेटम माइकपाशी येईल, लेक "तीन मिनिटं चाळीस!" म्हणेल, आणि मी तर्रीचा चमचा हातात धरून उभा असेन.

तुझ्याकडे तेव्हा २७ ची पहाट असेल, साडेपाचला सुरू होईल. आपला नंबर यायला सव्वासहा तरी होतील, तोवर दूध घेऊन ठेव. काहीही झालं तरी लगेच फोन करू नकोस. माझा ड्रॉवरमध्ये असेल.

तुझा,
अव्या