नऊ दिवसांच्या बाळाचे दुःखही दुःखच

संपादक महोदय,

३ मार्चच्या जागतिक जन्मदोष दिनाच्या सुमारास फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, नात्यातील विवाह आणि वेळेवर सोनोग्राफी यांविषयी जे लेख येतात ते आवश्यकच आहेत; परंतु सारी काळजी घेऊनही ज्या घरातले बाळ गेले, त्या घराने पुढचे दिवस कसे काढावेत, याविषयी फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या नोव्हेंबरमध्ये माझ्या मुलीचे पहिले बाळ नवव्या दिवशी गेले. त्याच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याला, जन्मतः छिद्र होते आणि त्यातून आतडी छातीत सरकल्यामुळे फुफ्फुसांना वाढायला जागाच उरली नव्हती. हे जुलैमध्ये, विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच कळले होते. शस्त्रक्रियेने अशी काही बाळे वाचतात, म्हणून मुलीने व जावयाने आशा धरली; परंतु शस्त्रक्रियेसाठी बाळाची प्रकृती आधी स्थिर व्हावी लागते, ती झालीच नाही.

भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी सर्वांसमक्ष विचारले, ‘७ सप्टेंबरच्या ग्रहणात भाजी चिरली होतीस का?’ श्वासपटल गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत तयार होते आणि दोष तर ग्रहणाच्या दोन महिने आधीच दिसला होता. हे सारे ठाऊक असूनही माझी शिकलेली मुलगी त्या रात्री मला म्हणाली, ‘आई, मी विळी हातात घ्यायला नको होती का?’ गोळी एखाद्या दिवशी चुकली असेल का, हाही प्रश्न तिने कितीदा तरी विचारला. फॉलिक अ‍ॅसिड मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूचे दोष टाळते. या दोषाचे कारण बहुतेक वेळा सापडतच नाही, हे डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितले तेव्हा कुठे ती थोडी सावरली. असे सांगणे हा उपचाराचाच भाग मानला जावा, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती दुधाविषयी. बाळ पेटीत असताना ती दर तीन तासांनी दूध काढून बाटलीवर आपले नाव लिहून देत असे. बाळ गेले तरी दूध येतच राहिले आणि घरी कपडे भिजले की ती मोरीत जाऊन रडे. डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध थांबवता येते, इच्छा असल्यास आयांचे दूध साठवून गरजू बाळांना देणाऱ्या दुग्धपेढीला देताही येते, हे कुणीच सांगितले नाही. वास्तविक मुंबईत शीव येथील रुग्णालयात १९८९ पासून अशी पेढी आहे.

एवढ्या लहान बाळाला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात; दहावे-तेरावेही होत नाही. त्यामुळे शोक करायला जणू काही घडलेच नाही, असे लोक धरून चालतात. ‘तरुण आहात, दुसरे होईल,’ हे मीसुद्धा म्हणाले, याची मला खंत आहे. ती शांतपणे म्हणाली, ‘दुसरं झालं तर ते याचं भावंड असेल, आई.’ जावई पाचव्या दिवशी कामावर गेले. त्यांना तर कुणी काही विचारलेच नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, बाळ जन्मताच किंवा २८ दिवसांच्या आत दगावल्यास, ६० दिवसांची विशेष रजा दिली. वडिलांसाठीही काही दिवसांची तरतूद का असू नये? रात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो घरी जाण्याच्या कागदावरच छापावा.

शेवटच्या दिवशी एका परिचारिकेने स्वतःहून नळ्या काढल्या, मी शिवलेली कुंची बाळाला घातली आणि त्याला मुलीच्या मांडीवर देऊन पडदा ओढून घेतला. अर्धा तास तिला कुणी उठवले नाही. मुलीला आज आधार आहे तो त्या अर्ध्या तासाचा, आणि तो एखाद्या परिचारिकेच्या भलेपणावर अवलंबून न राहता प्रत्येक आईबापाला मिळावा.

बारशापूर्वीच गेल्यामुळे रुग्णालयाच्या कागदांवर ‘बेबी ऑफ’ एवढेच आहे. त्याचे नाव मात्र आईबापांनी आधीच ठरवले होते, आणि घरात आता आम्ही सगळे ते घेतो.

– एक आजी, सातारा