दत्ताला पत्र : सायलीचं कॉलेज आणि रोझी ब्रेननची गोष्ट

हॅनोव्हर, न्यू हॅम्पशायर
मार्चअखेर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच फोन लावणार होतो. पण फोनवर तू घाईत असतोस, आणि बऱ्याचदा सायली शेजारीच बसलेली असते. तिच्यासमोर तिच्याबद्दल असं बोलणं बरं नाही. म्हणून लिहितोय, आणि लांबलचक लिहितोय. सवडीने वाच आणि वहिनींनाही वाचायला दे.

तू लिहितोस, धावण्याच्या राज्य संघाच्या यादीत सायलीचं नाव आलं नाही. तिचे प्रशिक्षक सर म्हणतात, बारावी झाली की कॉलेजचा नाद सोडा, बाहेरून फॉर्म भरा, दोन वर्षं पोरीला फक्त पळू द्या, नाहीतर वेळ निघून जाईल. वहिनींचं म्हणणं अगदी उलट, की पळणं पुरे झालं, फार्मसीला घाला. आणि तू दोघांच्या मध्ये. माझं मत आधीच सांगून टाकतो. तिला कॉलेजलाही जाऊ दे आणि पळूही दे. वेळ निघून जाईल ही भीती तेवढी तुम्ही तिघांनीही डोक्यातून काढा. लांब पल्ल्याच्या खेळात अठराव्या वर्षी कुणी संपत नाही. बहुतेकांची खरी सुरुवातसुद्धा तोवर झालेली नसते.

हे मी कशाच्या आधारावर बोलतोय ते सांगतो. मी राहतो ते हॅनोव्हर म्हणजे डार्टमथ कॉलेजचं गाव. इथे हिवाळा आला की गावाच्या बोलण्यात बर्फ आणि स्की याशिवाय दुसरा विषय नसतो. कॉलेजचा आउटिंग क्लब १९०९ सालचा, विंटर कार्निव्हल, म्हणजे बर्फातल्या खेळांचा उत्सव, १९११ पासूनचा. अमेरिकेच्या ईशान्येकडची कॉलेजं आळीपाळीने कार्निव्हल भरवतात आणि मुलं शुक्रवार-शनिवारी शर्यती करून सोमवारी वर्गात हजर होतात. मी फेब्रुवारीत ट्रॅकच्या कडेला उभा राहून त्या शर्यती बघतो. क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली येणं नव्हे. इथे चढही स्वतःच्या दमावर चढायचा असतो. हात, पाय, पाठ, पोट, सगळं एकाच वेळी कामाला लागतं. रेषा ओलांडून बर्फावर आडवी पडलेली पोरं बघितली की मला आपले भोसलाच्या मैदानावरचे दिवस आठवतात. दम लागण्याची जात तीच आहे रे.

कॉलेजच्या पातळीवर या खेळाची रचना मोठी न्यारी आहे. राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत मुलं आणि मुली, उतारावरचे स्कीअर आणि क्रॉस-कंट्रीवाले, या सगळ्यांचे गुण एकत्र धरून एकच संघ विजेता ठरतो. एका कॉलेजचे जास्तीत जास्त बाराजण उतरतात. म्हणजे दहा किलोमीटर रेटत आलेल्या मुलीचे गुण बर्फात रोवलेल्या काठ्यांच्या दरवाज्यांमधून वळत खाली येणाऱ्या मुलाच्या गुणांत मिळवले जातात. एकट्याने करायच्या खेळात अशी सोबत मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि डेन्व्हर, कोलोरॅडो, युटा या विद्यापीठांच्या संघांत नॉर्वे-स्वीडनची मुलंही बरीच दिसतात, कारण शिक्षण आणि शर्यती एकत्र करण्याची अशी सोय त्यांना घरी सहसा मिळत नाही. ज्या देशांत हा खेळ घरोघरी आहे तिथली मुलं कॉलेजसाठी इथवर येतात, हे तुझ्या सरांना जरूर सांग.

आता रोझी ब्रेननबद्दल. तुला हे नाव माहीत असण्याचं कारण नाही, पण सायलीला ते कळावं अशी माझी फार इच्छा आहे. रोझी मूळची पार्क सिटी, युटाची. जन्म डिसेंबर १९८८ चा. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक तिच्या घराजवळ झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि क्रॉस-कंट्रीकडे ती वळली चौदाव्या वर्षी. नॉर्वेत या वयापर्यंत मुलांना स्कीवर दहा-दहा वर्षं झालेली असतात. तिथून ती डार्टमथला आली आणि २०११ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. ती यायच्या आधीच्याच मार्चमध्ये, २००७ साली, डार्टमथने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं, तेव्हा संघात जागा मिळवणं काही सोपं नसणार. त्यात डार्टमथ ज्यांत मोडतं ती आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. खेळलात म्हणून फी माफ, असा प्रकार नाही. दहा-दहा आठवड्यांची सत्रं, त्यात ऐन हिवाळ्यात शर्यती, आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्की लावून सराव.

त्या सुमाराचे इथले संघ बघितले तर थक्क व्हायला होतं. सोफी कॉल्डवेल याच कॉलेजची. तिचे आजोबा जॉन कॉल्डवेल १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये उतरले होते. तेही डार्टमथचेच, आणि पुढे अमेरिकेतल्या क्रॉस-कंट्रीचे मोठे प्रशिक्षक झाले. सोफी २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी अंतराच्या शर्यतीत, सहावी आली. आयडा सार्जंट इथलीच. सुझन डंकली इथून २००८ ला पदवी घेऊन निघाली आणि मग कुठे बायथलॉनकडे वळली. स्कीइंगच्या जोडीला रायफल घेऊन नेमबाजी करायची, असा तो खेळ. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत तिने त्यात रौप्यपदक मिळवलं. कॉलेज संपल्यावर नवा खेळ हातात धरला आणि जगात दुसरी आली! हे वाचून वहिनी काय म्हणतात ते मला कळव.

रोझीचं मात्र इतकं सरळ झालं नाही, आणि म्हणूनच मला तिची गोष्ट जास्त जवळची वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून तिला एकदा नव्हे, दोनदा वगळलं. दुसऱ्यांदा वगळलं ते २०१८ मध्ये. त्याच वर्षी प्यॉंगचांगला ती पहिल्यांदा ऑलिंपिक खेळली होती. शरीर साथ देत नव्हतं. पुढे कळलं की तिला मोनोन्यूक्लिओसिस झाला होता. या आजारात माणूस कित्येक आठवडे, कधी महिनोन् महिने, थकून पडतो. त्याच प्यॉंगचांगमध्ये तिच्या संघातल्या किकन रँडल आणि जेसी डिगिन्स यांनी सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं. क्रॉस-कंट्रीत अमेरिकेला मिळालेलं ते पहिलंच सुवर्ण. त्याआधीचं एकमेव पदक बिल कोचचं, १९७६ मधलं रौप्य. म्हणजे देशभर जल्लोष चाललेला, आणि हिचं नाव यादीतून खाली गेलेलं. वय एकोणतीस. राष्ट्रीय संघातून नाव गेलं की नुसता मान जात नाही, प्रवासाचा, उपचारांचा, प्रशिक्षकांचा आधारही जातो. सायलीला आज काय वाटतंय ते मी समजू शकतो. पण ती अठराची आहे, दत्ता.

कॉलेजनंतर रोझी सरावासाठी अलास्कात गेली होती, ती तिथेच राहिली. अँकरेजला अलास्का पॅसिफिक युनिव्हर्सिटी म्हणून एक छोटं विद्यापीठ आहे, त्यांचं स्की केंद्र आहे आणि एरिक फ्लोरा तिथले प्रशिक्षक. किकन रँडलही त्यांच्याच हाताखाली घडलेली. यांचा उन्हाळ्यातला सराव ऐकण्यासारखा आहे. ईगल ग्लेशियर नावाच्या हिमनदीवर हेलिकॉप्टरने जायचं, तिथल्या छोट्या इमारतीत मुक्काम करायचा, आणि खाली गावात हिरवळ फुललेली असताना वर बर्फात मैलोन् मैल घालायचे. कुणी बघायला नाही, टाळ्या नाहीत, निवड समितीही नाही. रोझीने तिथे पुन्हा पायापासून बांधायला घेतलं. निकाल येत गेले आणि संघात ती परतली.

मग आला डिसेंबर २०२०. करोनाचा पहिला हिवाळा आठवतोय ना, आपण सगळे घरात कोंडलेले. स्वित्झर्लंडमध्ये दावोसला वर्ल्ड कप शर्यती होत्या. १२ तारखेला रोझीने स्प्रिंट जिंकली. वर्ल्ड कपमधला तिचा पहिला विजय, आणि बत्तिसावा वाढदिवस होऊन दहाच दिवस झालेले. दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर. स्प्रिंट म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांच्या फेऱ्या, दिवसात चार वेळा जीव तोडून मारायच्या. आणि दहा किलोमीटर म्हणजे एकटीने घड्याळाशी झुंजायचं, वेग राखायचा, कुठे सैल सोडायचं हे शरीराला विचारत राहायचं. आपल्याकडे ८०० मीटर जिंकलेल्या मुलीने लगेच दुसऱ्या दिवशी १०,००० मीटर जिंकावं, अशातला हा प्रकार. रोझीने तीही जिंकली. मी पडद्यासमोर उभा राहून ओरडत होतो. बायको धावत बाहेर आली, तिला वाटलं घरून काही बातमी आली.

नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचे संघ करोनामुळे दावोसला आले नव्हते, हे खरं आहे. तेव्हाही लोकांनी ते लगेच बोलून दाखवलं. पण पुढे बघ. काही आठवड्यांनी टूर द स्की या अनेक दिवसांच्या शर्यतींच्या मालिकेत स्वीडनच्या मुली समोर असताना रोझी आघाडीवरच्यांत होती आणि जेसी डिगिन्सने ती स्पर्धा जिंकली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकमध्ये, जगातल्या सगळ्यांसमोर रोझी स्प्रिंटच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि चौथी आली. सांघिक स्प्रिंटमध्ये डिगिन्सबरोबर पाचवी.

चौथी. पदक नाही. दोन स्वीडिश मुली पुढे, तिसरी तिचीच सहकारी जेसी डिगिन्स, आणि मग ही. मला तर चौथा क्रमांक फार मोठा वाटतो. चौदाव्या वर्षी सुरुवात, कॉलेजची चार वर्षं, दोनदा संघाबाहेर, एक आजार, आणि तेहतिसाव्या वर्षी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पदकापासून एकच पायरी दूर. सायलीला या क्रमांकाबद्दल आधी सांग, दावोसचं नंतर.

आता थोडं कडू लिहितो. घाईचं नुकसान मुलींच्या बाबतीत जास्त होतं, हे मी इथे बघतो, ऐकतो. सोळा ते वीस या वयात मुलीचं शरीर बदलत असतं. वजन थोडं वाढतं, शर्यतीला वेळ थोडा जास्त लागतो, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, 'वजन कमी कर'. मग जेवण कमी, सराव जास्त, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात आणि नडगीत किंवा तळपायात बारीक फ्रॅक्चर होतात. जेसी डिगिन्ससारखी सुवर्णपदक विजेतीसुद्धा तरुणपणी खाण्याच्या आजारातून गेली आणि त्याबद्दल ती उघडपणे बोलते. सायली नीट जेवते का, पाळी वेळेवर येते का, हे वहिनींनी विचारावं आणि ते विचारताना लाजू नये. सरांनी वजनाबद्दल काही म्हटलं असेल तर तू त्यांच्याशी स्वतः बोल. दम आणि पळण्याची सफाई या गोष्टी वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढतात, दोन वर्षांत पिळून काढता येत नाहीत. नॉर्वेच्या मारित ब्योर्गेनने प्यॉंगचांगला सुवर्ण घेतलं तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. रँडलने तिच्या पाचव्या ऑलिंपिकमध्ये पहिलं पदक घेतलं, पस्तिसाव्या वर्षी.

आपल्याकडचंच बघायचं तर साताऱ्याची ललिता बाबर. मॅरेथॉन पळता पळता स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे, वळली आणि रिओ ऑलिंपिकला अंतिम फेरीत दहावी आली, सत्ताविसाव्या वर्षी. बीडचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेस त्याने त्यानंतर धरलं. अठराव्या वर्षी यांच्यापैकी कुणाचं नाव आपण ऐकलं होतं?

कॉलेज निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. नावापेक्षा मैदान जवळ आहे का ते बघा. फार्मसीला प्रॅक्टिकल फार असतात, हजेरी कडक असते, तेव्हा क्रीडा विभागाच्या प्रमुखांना आधी भेट आणि स्पर्धेच्या दिवसांत प्रॅक्टिकल पुढे-मागे करून देतात का ते स्पष्ट विचार. आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचा संघ किती वर्षांपासून जातोय, कोण नेतं, राहायची सोय कशी असते, हेही विचार. खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स २०२० पासून सुरू झाल्या आहेत, म्हणजे कॉलेजच्या मुलीला मोठी स्पर्धा आता मिळते. बी.एस्सी. चालत असेल तर तेही वाईट नाही, वेळ जास्त मिळेल. पण हे सायलीने ठरवावं. तिला फार्मसी आवडते की ती वहिनींना आवडते?

आणि सर. त्यांना दुखवू नकोस, त्यांनी तिला घडवलंय. पण त्यांना विचार की पुढच्या चार वर्षांचं त्यांच्या डोक्यात काय आहे. दोन वर्षांचं सगळेच सांगतात. चार वर्षांचं कागदावर लिहून देणारा प्रशिक्षक असेल तर त्याला सोडू नकोस.

तिच्या ३,००० आणि ५,००० मीटरच्या गेल्या दोन हंगामांच्या वेळा मला पाठव, तारखेसकट. इथे एक प्रशिक्षक ओळखीचे आहेत, लांब पल्ल्याच्या मुलींबरोबर त्यांनी आयुष्य घालवलंय. त्यांना दाखवतो आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं तुला लिहितो. सायलीला त्यांच्याशी बोलायचं असेल तर रविवारी तुमच्या संध्याकाळी जमेल, इथे तेव्हा सकाळ असते. इंग्रजीची काळजी तिने करू नये, मी मध्ये बसेन.

वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. सायलीला म्हणावं, काका मे महिन्यात येतोय, तेव्हा गंगापूर धरणाच्या रस्त्यावर पहाटे सायकल घेऊन तिच्या मागे येणार आहे.

तुझा,
विश्वास