भाच्याच्या रिपोर्टबद्दल

प्रिय निलेश,

तुझा मेसेज वाचला, फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा नीट लिहावं म्हटलं. भाच्याच्या ड्युशेनच्या (मुलांचे स्नायू हळूहळू कमजोर करणाऱ्या जनुकीय आजाराच्या) रिपोर्टमध्ये नॉनसेन्स म्युटेशन आलंय आणि त्यावर गोळी निघालीये असं कोणीतरी सांगितलं, ते अर्धंच खरं आहे रे.

झालंय असं, की डिस्ट्रोफिन या स्नायूंना टिकवणाऱ्या प्रोटीनच्या एवढ्या लांबलचक जीनमध्ये एक अक्षर बदललं आणि मध्येच थांबायचा कोड आला, म्हणजे वाक्य अर्धवट असतानाच पूर्णविराम. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, तिथेच प्रोटीन सोडून देतो, शिवाय पेशी असा आरएनए, म्हणजे जीनची कामापुरती नक्कल, सदोष म्हणून बराचसा नष्ट करते, त्यामुळे औषधाला काम करायला मुळात आरएनएच कमी उरतो. ड्युशेनच्या साधारण १० ते १५ टक्के मुलांत कारण हेच असतं.

रायबोसोमला त्या चुकीच्या स्टॉपवरून पुढे जाऊ द्यायचं, ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. जेंटामायसिन या अँटिबायोटिकने ते होतं, १९९९ मध्ये उंदरांत दिसलं होतं, पण ते दीर्घकाळ दिलं तर किडनीला आणि कानांना धोका. मग आलं अटाल्युरेन, तुम्ही ऐकलंत ते बहुतेक हेच, आणि ती गोळी नाही, कालवून घ्यायची पावडर आहे. २०१४ मध्ये युरोपने सशर्त मंजुरी दिली, मोठ्या ट्रायल्समध्ये मात्र ठरवलेला मुख्य निकष गाठता आला नाही, सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या जनुकीय आजारातही तेच, आणि शेवटी मार्च २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने मंजुरी पुढे चालू ठेवायला नकार दिला. मला सगळ्यात खटकतं ते याच्या शोधाबद्दल: चकाकणाऱ्या ल्युसिफरेज एन्झाइमच्या टेस्टवर हे सापडलं, आणि नंतर काही संशोधकांनी दाखवलं की हे औषध त्या एन्झाइमलाच चिकटून त्याला टिकवून धरतं, म्हणजे स्टॉप ओलांडला नाही तरी चमक वाढलेली दिसू शकते. त्यावर वाद झाले, पण ज्या घरांत मुलं हे घेत होती त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून खूप वाईट वाटतं.

तरी दार बंद झालेलं नाही हं. थांबायचे कोड तीन, प्रत्येक तीन अक्षरांचा, त्यातला यूजीए सगळ्यात सहज ओलांडला जातो, यूएए सगळ्यात कठीण, आणि त्यापुढचं अक्षर सी असेल तर आणखी बरं. फक्त यूजीएवर चालणारं डायअमिनोप्युरिन नावाचं रसायन पेशींत आणि उंदरांत चांगलं दिसलंय. पण काही एन्झाइमच्या आजारांत थोडंसं प्रोटीन बनलं तरी फरक पडतो, स्नायूंना मात्र त्यापेक्षा बरंच जास्त लागतं.

म्हणून रिपोर्टमधली 'सी डॉट'ने (c.) सुरू होणारी, नेमका बदल सांगणारी ओळ मला जशीच्या तशी पाठव, त्यावरून कोणता स्टॉप आहे ते काढता येईल. तोवर डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड आणि हृदयाच्या तपासण्या अजिबात थांबवू नका. आणि ताईची कॅरियर टेस्ट करा, म्हणजे तिच्याही जीनमध्ये हा बदल आहे का ते कळेल, ती कॅरियर निघाली तर तिचाही इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायला लागेल, कॅरियर बायकांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो आणि मुलाच्या धावपळीत आईचं राहूनच जातं.

तुझाच,
समीर