दोन मिनिटांची वाट

उदगीर,
दि. २ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतुजा हिस अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी तू पुण्याच्या गाडीत बसलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. आईला तू रोज फोन करतेस, माझी चौकशीही तिच्याकडेच करतेस. त्या रात्री पावणेदोन वाजता मी वाय-फायचे बटण बंद केले, तेही तू गेम खेळताना ‘बाबा, फक्त दोन मिनिटं’ म्हणत असताना, त्याबद्दल हे पत्र आहे. झोपेविषयी यात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे.

तू गेल्यावर मी सलग चार संध्याकाळी, तुझ्यासोबत खेळणाऱ्या ओंकारकडे बसून, तुझा तो हेलडायव्हर्स २ नावाचा व्हिडिओ गेम पाहिला. स्वीडनमधल्या ॲरोहेड या कंपनीने तो तयार केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बाजारात आला, हे त्यानेच सांगितले. समोर येईल त्याला गोळी घालायची, एवढेच त्यात असते अशी माझी समजूत होती आणि पहिल्या संध्याकाळी दिसलेही तेवढेच: परक्या ग्रहावरचे अक्राळविक्राळ किडे, यंत्रमानव आणि वरून पडणारे बॉम्ब. त्यातल्या स्वातंत्र्याच्या आणि लोकशाहीच्या घोषणा तर मला फारच खटकल्या, कारण तुझ्या आजोबांनी १९४८ चा सप्टेंबर, म्हणजे निजामाच्या राजवटीचा शेवट, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि आपल्या घरात ‘मुक्ती’ हा शब्द कोणी उगाच उच्चारत नसे. त्या घोषणा मुद्दाम पोकळ ठेवल्या आहेत, सत्ता माणसाला शब्दांनी कशी भुलवते हे त्यातून दाखवले आहे, असे ओंकारने समजावले, तेव्हा माझे मत बदलले. नागरिकशास्त्राच्या तासाला मी वर्षानुवर्षे हेच सांगायची धडपड केली.

खरी गोडी मला दुसऱ्या दिवशी कळली. चौघांनी मिळून उतरायचे, पण आपल्या गोळीने आपलाच सोबती मरू शकतो, त्यामुळे बाकीचे तिघे कुठे उभे आहेत याचे भान क्षणभरही सोडता येत नाही. मदत मागवायची तर शत्रू अंगावर येत असतानाच बाणांची ठरलेली खूण बिनचूक दाबावी लागते. पडलेल्या सोबत्याला पुन्हा मैदानात आणण्याची खूण मी पाठ केली आहे: वर, खाली, उजवे, डावे, वर. शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर जाताना जिचे हात थंड पडत, ती माझी मुलगी हे सारे न गोंधळता करते आणि इतरांनाही धीर देते, हे ओंकारच्या तोंडून ऐकताना मला काय वाटले, ते मला नीट लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट. काही खेळांत नुसती बंदूक धरलेले हात दिसतात, यात मात्र आपला सैनिक पाठीमागून पुरता दिसतो, त्याच्या खांद्यावरचा झगा वाऱ्यावर हलताना दिसतो. तो धडपडला की आपल्याच पोटात कालवते. मी तुला बहुतेक वेळा पाठमोरीच पाहिले आहे, शाळेच्या फाटकातून आत जाताना आणि आता बसस्टँडवर.

परत नेणारे यान बोलावल्यावर सुमारे दोन मिनिटे तिथेच तग धरावा लागतो आणि सर्वांत बिकट वेळ तीच असते, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. म्हणजे तू खोटे बोलत नव्हतीस. तीन माणसे तुझ्या भरवशावर उभी होती आणि मी तुला त्यांच्यामधून उचलून नेले. माझे चुकले.

तरीही पावणेदोन म्हणजे पावणेदोनच, बाळ. सकाळी सात वाजता स्कूटीवरून निघणाऱ्या मुलीला पाच तासांची झोप पुरत नाही. बापूंचे मांजरसुंब्याच्या घाटात काय झाले ते तू जाणतेस, तेही ‘मला झोप येत नाही’ असेच म्हणायचे. शरीर उधार देते, पण वसुलीही करते, आणि ती वसुली... पाहा, पुन्हा शाळा भरवली. क्षमा कर.

खरे कारण मी तुला कधी सांगितलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही मित्र किल्लारीला गेलो. दगडमातीच्या ढिगाऱ्यापाशी कोणी हाक मारली की सारे तिकडे धावत असू आणि उत्तर येईना तरी हाका मारत असू. तेव्हापासून रात्री घरात आवाज झाला की मी उठून बसतो. त्या रात्री तू हेडफोन लावून ‘थांबा, मी येतेय’ असे ओरडलीस आणि मी घाबरलो. रागावलो नंतर.

मे २०२४ मध्ये या खेळातल्या साऱ्या खेळाडूंपुढे निवड होती, रणगाडाविरोधी सुरुंग मिळवायचे की वर्नन वेल्स या ग्रहावरच्या रुग्णालयात अडकलेली मुले सोडवायची. जगभरच्या खेळाडूंनी मुले निवडली आणि कंपनीने मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला खरी देणगी दिली. त्या उन्हाळ्यात तू आईला स्वयंपाकघरात ‘आम्ही मुलांना वाचवलं’ असे सांगत होतीस. मी बाहेर पेपर वाचत होतो आणि मी विचारले नाही, कोणती मुले.

तुझा चार्जर इथेच राहिला आहे, तो चकल्यांच्या डब्यासोबत ओंकारच्या हाती पाठवतो. रविवारी तो मलाही तुमच्यात बसवतो म्हणाला आहे. जागा रिकामी असेल तर कळव, पण अकराच्या आत. आणि वाय-फायचे बटण मी आता रात्री बंद करत नाही.

तुझे,
बाबा